सामायिक लॅपटॉपवरील फाईलींचे संरक्षण

एकच लॅपटॉप अनेक जण वापरत असताना त्यातील खाजगी किंवा संस्थेच्या फाईलींची नक्कल परवानगीवाचून बाहेर जाऊ नये यासाठी जी तांत्रिक आणि व्यवहारातील काळजी घेतली जाते, तिला सामायिक लॅपटॉपवरील फाईलींचे संरक्षण असे म्हणता येईल. शाळा, ग्रामपंचायत, सहकारी संस्था, बचत गट आणि अर्थातच घर या ठिकाणी हा प्रश्न रोज उद्भवतो. प्रस्तुत लेखात विचार आहे तो नैमित्तिक वापरकर्त्याचा. हा संगणकतज्ज्ञ नसतो, चोरीच्या इराद्यानेही आलेला नसतो. मात्र समोर एखादी फाईल दिसली तर ती पेनड्राइव्हवर घ्यायला त्याला संकोच वाटत नाही. इंटरनेटवरून होणारे हल्ले आणि व्हायरस हा वेगळा विषय आहे.

डिंभे परिसराचे उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण आहे. त्याच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे आणि हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा गावात समितीचा किंवा पंचायतीचा लॅपटॉप कागदोपत्री एका पदाधिकाऱ्याच्या ताब्यात असतो. पण कोणाला अर्ज भरायचा असतो, कोणाला निकाल पाहायचा असतो, कोणाला छायाचित्रे काढून घ्यायची असतात. यंत्र एक आणि हात अनेक, अशी ही स्थिती असते. तिच्यात गैर काही नाही. गावाच्या कामासाठी घेतलेले यंत्र गावाने वापरावे हे योग्यच आहे.

प्रश्न उभा राहतो तो त्यात साठलेल्या मजकुरामुळे. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. त्याखाली ग्रामसभा आपल्यातून वनहक्क समिती निवडते आणि ही समिती दाव्यांची पडताळणी करते. एकेका दाव्याबरोबर ओळखपत्र, जातीचा दाखला, वहिवाटीचे पुरावे, जमिनीचा नकाशा आणि कधी वडीलधाऱ्या मंडळींचे लेखी जबाब जोडलेले असतात. कोण किती क्षेत्र कसतो, कोणाची हद्द कोणाला लागते, कोणाचा पुरावा कच्चा आहे, हे सारे एका फोल्डरमध्ये एकत्र येते. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असलेल्या माणसाच्या हाती हे फोल्डर पडले तर काय होईल, हे खेड्यात राहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण लोक जैवविविधता नोंदवहीचे. जैवविविधता कायदा २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ही नोंदवही तयार करायची असते. कोणती वनस्पती कोठे सापडते आणि लोक तिचा कसा उपयोग करतात, याच्या नोंदी तिच्यात असतात. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा हे महत्त्वाचे वनोत्पन्न आहे. तो झाडावरून कोणत्या अवस्थेत काढावा, कसा वाळवावा, हे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे. अशा ज्ञानातून होणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप व्हावे हा त्या कायद्याच्या हेतूंपैकी एक आहे. दुर्मीळ औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणे एखाद्याच्या पेनड्राइव्हवर गेली, तर ती वनस्पती उपटून नेणाऱ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

याउलट प्रत्येक फाईल झाकून ठेवण्याची गरज नसते. सातबारा उतारा महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. ग्रामसभेचे ठराव, योजनांचे कोरे अर्ज, शासन निर्णय हे सर्वांसाठीच असतात. सरसकट सगळ्यालाच कुलूप लावले की वापरणाऱ्याला कुलपाचा कंटाळा येतो आणि मग पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला जातो. म्हणून पहिले काम फाईलींची दोन गटांत विभागणी करणे हे होय: सर्वांच्या आणि मोजक्यांच्या. हे काम संगणकाला करता येत नाही.

वाचणे आणि नक्कल करणे

'फाईल उघडता यावी, पण तिची नक्कल करता येऊ नये' अशी सोय हवी, असे सामान्यतः मागितले जाते. नेहमीच्या संगणकप्रणालींत ती नाही. विंडोज किंवा लिनक्समध्ये वाचण्याची परवानगी असते, लिहिण्याची असते, चालवण्याची असते. नक्कल करण्याची म्हणून वेगळी परवानगी नसते. कारण फाईल वाचणे म्हणजे तिच्यातील मजकूर डिस्कवरून स्मृतीत आणणे, आणि स्मृतीत आलेला मजकूर दुसरीकडे लिहून ठेवणे ही त्याच्या लगतची पायरी आहे. फाईल 'फक्त वाचनासाठी' अशी ठरवली तर मूळ फाईल बदलण्यापासून वाचते, तिची नक्कल मात्र खुशाल निघते. या दोन गोष्टींची गल्लत फार मोठ्या प्रमाणावर होते.

पीडीएफ फाईलीतही मजकूर उचलण्यास आणि छपाईस मनाई करण्याची सोय दिसते. ती म्हणजे वाचक सॉफ्टवेअरला केलेली सूचना असते. ती न पाळणारे सॉफ्टवेअर सहज मिळते, शिवाय अख्खी फाईल उचलून नेण्याला तिची आडकाठीच नाही. फाईल उघडण्यासाठी लागणारा पासवर्ड ही निराळी गोष्ट आहे. त्यात मजकूर खरोखरच सांकेतिक रूपात साठवलेला असतो.

हा प्रश्न लॅपटॉपपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली सीटीएसएस ही सामायिक संगणकप्रणाली प्रथम दाखवली गेली. एक अवजड यंत्र अनेक संशोधक आळीपाळीने वापरत. प्रत्येकाला पासवर्ड आणि वेळेचा ठरावीक वाटा मिळे. १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाने अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली, असे त्यानेच पुढे सांगितले. तो चोर नव्हता, त्याचे काम अडले होते. नैमित्तिक वापरकर्त्याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. पुढे १९७५ मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यात प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व मांडले. आजचे उपाय याच तत्त्वावर उभे आहेत. नक्कल रोखायची तर फाईल त्या माणसापुढे उघडूच नये, एवढाच भरवशाचा मार्ग उरतो.

लपवण्याचे उपाय

फोल्डर लपवणे, त्याला 'जुने' किंवा 'सिस्टीम' असे फसवे नाव देणे, फाईलनावाच्या शेवटचा प्रत्यय बदलणे हे घरगुती उपाय लोकप्रिय आहेत. लपवलेल्या फाईली दाखवण्याची खूण विंडोजच्या फाईल खिडकीतच असते आणि शाळकरी मुलांना ती ठाऊक असते. फोल्डरला कुलूप लावतो असे सांगणारी मोफत सॉफ्टवेअरेही असतात. त्यांपैकी काही आतून केवळ लपवण्याचेच काम करतात. असे सॉफ्टवेअर काढून टाकले किंवा बिघडले तर मालकालाच स्वतःच्या फाईली सापडत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. नजर चुकवण्यापुरता हा उपाय ठीक. संरक्षण म्हणून तो धरू नये.

स्वतंत्र खाती आणि परवानग्या

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात, प्रशासक आणि साधा वापरकर्ता. नवा लॅपटॉप सुरू करताना तयार होणारे पहिले खाते प्रशासकाचे असते, आणि बहुतेक सामायिक लॅपटॉपांवर तेच एक खाते सर्व जण वापरतात. येथेच पुढच्या सगळ्या उपायांचा पाया निखळतो. जबाबदार व्यक्तीने प्रशासकाचे खाते स्वतःकडे ठेवून इतरांसाठी साधे खाते उघडून दिले, तर एका वापरकर्त्याच्या कागदपत्रांच्या फोल्डरात दुसऱ्या साध्या वापरकर्त्याला प्रवेश मिळत नाही. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

मात्र हे संरक्षण वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरापुरते असते. आपल्याकडे महत्त्वाच्या फाईली 'डी' ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत आहे. विंडोज बिघडून पुन्हा टाकावे लागले तर 'सी' ड्राइव्ह पुसला जातो, हा त्यामागचा अनुभव. परंतु 'डी' ड्राइव्हवरील नवे फोल्डर सामान्यतः त्या यंत्रावरील सर्व खात्यांना खुले असते. तेथे ठेवायचेच असेल तर फोल्डरच्या गुणधर्मांतील सुरक्षा या भागात जाऊन इतरांची नावे काढावी लागतात. ही सोय एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्कवरच मिळते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांवर परवानग्या साठवल्याच जात नाहीत, म्हणून फाईल एकदा पेनड्राइव्हवर गेली की ती सर्वांची झाली.

लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तीन पातळ्यांवर परवानग्या दिल्या जातात. उबुंटूमध्ये पूर्वी एकाचे घर-फोल्डर दुसऱ्याला वाचता येत असे. एप्रिल २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांची फोल्डरे इतरांना बंद असतात. जुन्या यंत्रावर हे मुद्दाम तपासून पाहावे.

घरातील लॅपटॉपबाबत एक संकोच नेहमी आड येतो. भावाला किंवा सुनेला वेगळे खाते उघडून देणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटते. वस्तुतः वेगळ्या खात्यामुळे त्यांच्याही फाईली सुरक्षित राहतात. घरात प्रत्येकाचा कपाटातला एक कप्पा असतो, त्यातलाच हा प्रकार.

सांकेतिकीकरण

परवानग्या पाळण्याचे काम चालू असलेली संगणकप्रणाली करते. लॅपटॉप दुसऱ्या पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू केला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर मूळ प्रणालीच्या परवानग्यांना अर्थ उरत नाही. येथे सांकेतिकीकरण, म्हणजेच एनक्रिप्शन, उपयोगी पडते. विंडोजमधील बिटलॉकर आणि लिनक्समधील लक्स संपूर्ण डिस्क सांकेतिक करतात. बिटलॉकरची पूर्ण सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत असते. होम आवृत्तीत योग्य यंत्रावर तिचे सोपे रूप मिळते.

पण संपूर्ण डिस्कच्या सांकेतिकीकरणाने सामायिक वापराचा प्रश्न सुटत नाही. लॅपटॉप रीतसर सुरू झाला की डिस्क सर्व खात्यांसाठी उघडते. बिटलॉकर हरवलेल्या लॅपटॉपवरचा उपाय आहे, शेजारी बसलेल्या माणसावरचा नव्हे. शेजाऱ्यापासून जपायचे तर निवडक फाईलीच पासवर्डने सांकेतिक कराव्या लागतात. सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरने फोल्डरची सांकेतिक गठडी बांधता येते, व्हेराक्रिप्टने डिस्कवर कुलूपबंद पेटी तयार करता येते, आणि लिबरऑफिसमध्ये फाईल जतन करतानाच पासवर्डची खूण करता येते. गठडीतून फाईल काढून वाचल्यावर तिची उघडी प्रत बाहेर पडून राहते, ती आठवणीने काढून टाकावी.

पासवर्ड कोणता असावा, याचा धडा ई-आधारवरून घेता येतो. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. अनोळखी माणसाला तो थोडा वेळ अडवील. गावात मात्र नाव सर्वांना माहीत असते आणि जन्मवर्ष शाळेच्या सोबत्यांना. ओळखीच्या माणसांत ओळखीवर आधारलेला पासवर्ड निरुपयोगी ठरतो, आणि सामायिक लॅपटॉप वापरणारी माणसे ओळखीचीच असतात.

मागे राहिलेल्या प्रती

जपून ठेवलेल्या फोल्डरपेक्षा विसरलेल्या प्रतींमधून माहिती अधिक बाहेर जाते. ब्राउझरने उतरवलेली प्रत्येक फाईल डाउनलोड फोल्डरात साठते. स्कॅनरने काढलेली प्रतिमा त्याच्या ठरलेल्या फोल्डरात राहते. व्हॉट्सॲप वेब कोणाच्या तरी नावाने उघडेच असते. दाखल्यासाठी आलेल्या माणसाचे आधारपत्र त्याच्यामागून आलेल्या माणसाला डाउनलोडच्या यादीत दिसते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली होती. तिच्यात ई-आधार सार्वजनिक संगणकावर उतरवणे टाळावे आणि उतरवल्यास सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात असा सल्लाही होता. सूचनेतील मजकुराचा विपर्यास होण्याची शक्यता आहे या कारणाने ती दोन दिवसांत मागे घेण्यात आली. तथापि प्रती पुसण्याचा तो सल्ला व्यवहारात योग्यच होता. पूर्ण क्रमांकाऐवजी शेवटचे चारच अंक दाखवणारे झाकलेले आधारही मिळते. जेथे चालेल तेथे तेच द्यावे.

पुसलेली फाईल प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून एका टिचकीने परत येते. ते रिकामे केल्याशिवाय काम पुरे होत नाही.

बाहेर जाण्याच्या वाटा

पेनड्राइव्ह बंद करणे हा कार्यालयांत नेहमी योजला जाणारा उपाय. विंडोजच्या नोंदप्रणालीतील यूएसबीस्टोर या नोंदीचे मूल्य ३ ऐवजी ४ केले की पेनड्राइव्ह ओळखला जात नाही. कळफलक आणि माउस मात्र चालू राहतात. प्रो आवृत्तीत धोरण-संपादकातून पेनड्राइव्हवर केवळ लिहिण्यास मनाई करता येते, त्यामुळे बाहेरून आणलेली फाईल वाचता येते पण आतली नेता येत नाही. हे बदल प्रशासकालाच करता येतात आणि प्रशासकालाच उलटवताही येतात. म्हणजे सर्वांकडे प्रशासकाचे खाते असेल तर हा उपायही व्यर्थ.

ज्याची आठवण राहत नाही ती वाट मोबाईलची. केबलने जोडलेला मोबाईल विंडोजला पेनड्राइव्ह म्हणून दिसत नाही, वेगळ्या पद्धतीचे उपकरण म्हणून दिसतो. यूएसबीस्टोर बंद केल्याने तो अडत नाही, त्याला निराळी मनाई घालावी लागते. त्यापलीकडे ब्लूटूथ आहे, ईमेल आहे, आणि सगळ्यांत सोपा म्हणजे पडद्याचा मोबाईलने काढलेला फोटो आहे. त्याला संगणकात उपाय नाही. लॅपटॉप चारचौघांत, पडदा सर्वांना दिसेल असा ठेवणे आणि वापराची वही ठेवणे यांचा येथे अधिक उपयोग होतो.

कायदेशीर स्थिती

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यातील माहिती उतरवून घेणे किंवा तिची नक्कल करणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. काढता येण्याजोग्या साठवण-साधनावरील माहितीचाही त्यात उल्लेख आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भरपाईचे पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे निर्णय अधिकारी म्हणून चालतात.

कायद्याच्या भाषेत 'परवानगी' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वांना एकच खाते आणि एकच पासवर्ड दिलेला असेल, तर कोणती फाईल पाहण्याची परवानगी होती आणि कोणती नव्हती, हे सिद्ध करणे अवघड जाते. कोणी नक्कल केली हेही सांगता येत नाही, कारण यंत्राच्या नोंदीत सर्वांचे नाव एकच असते. वेगळी खाती असली तर निदान त्या वेळी कोणाचे खाते चालू होते एवढे तरी कळते.

मालकाची स्वतःची प्रत

नक्कल अडवण्याच्या नादात मालकाकडेच प्रत उरत नाही, ही या उपायांची दुसरी बाजू आहे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. धरणाच्या वरच्या भागातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा कोसळला, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि घरांबरोबर घरांतले कागदही चिखलाखाली गेले. अशा मुलखात दाव्यांची एकमेव प्रत एका लॅपटॉपवर कुलूपबंद ठेवणे धोक्याचे आहे.

सांकेतिकीकरणाने हा धोका वाढतो. बिटलॉकर सुरू करताना ४८ अंकांची पुनर्प्राप्ती-किल्ली मिळते. यंत्र दुरुस्त झाल्यावर ती मागितली जाते आणि ती नसेल तर डिस्कवरील काहीही परत मिळत नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर हे सांकेतिकीकरण आपोआप सुरू होते आणि किल्ली यंत्र प्रथम सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. शाळेचा लॅपटॉप एखाद्या शिक्षकाच्या खात्याने सुरू झाला आणि पुढे त्यांची बदली झाली, की किल्ली त्यांच्याबरोबर जाते. विंडोज प्रोमध्ये एकेक फोल्डर सांकेतिक करण्याची जी ईएफएस पद्धत आहे, तिच्यात प्रशासकाने वापरकर्त्याचा पासवर्ड बाहेरून बदलला तर त्या फाईली त्या वापरकर्त्यालाही उघडत नाहीत.

यासाठी किल्ली कागदावर लिहून ती पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत किंवा दप्तरात ठेवतात आणि पदभार सोपवताना तिची नोंद हस्तांतरणाच्या यादीत करतात. फाईलींची सांकेतिक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती लॅपटॉपपासून दूर, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवली जाते. ती डिस्क वर्षातून एक-दोनदा जोडून, पासवर्ड घालून, फाईली उघडतात की नाही हे पाहावे लागते. बंद पेटीत पडून राहिलेल्या डिस्कही कालांतराने बिघडतात.